अकरा थेंब

आमच्या पार्लरमध्ये ग्राहक काहीही मागू शकतात, तिसरा थेंब सोडून. आर्गन तेल माणशी दोन थेंब, हा आत्याचा कायदा. बाटली गडद तपकिरी काचेची, जेमतेम अंगठ्याएवढी. ती राहते आरशाखालच्या कुलपाच्या खणात आणि किल्ली राहते आत्याच्या गळ्यात. आत्या ड्रॉपर उचलते तेव्हा माझ्यासकट सगळे श्वास रोखून धरतात. एक. दोन. बूच घट्ट. पार्लरमध्ये हे तेल आल्यापासून आठ वर्षांत तिच्या हातून तिसरा थेंब पडलेला मी पाहिलेला नाही, ऐन वेळी शिंक आली तरी नाही.

हे तेल येतं कुठून, ते ती प्रत्येकीला सांगते. कुठल्याशा कोरड्या, उन्हाने भाजून निघालेल्या मुलखात ही काटेरी झाडं असतात. त्यांच्या फळांतल्या बिया बायका दगडाने एकेक करून फोडतात, दळतात, मळतात, तेव्हा कुठे वाटीभर तेल निघतं. आणि त्या झाडांवर शेळ्या चढतात. हे शेवटचं कुणालाच खरं वाटत नाही, म्हणून आत्याने एका मासिकातला फोटो कापून आरशाशेजारी चिकटवला आहे. एक झाड, फांद्यांवर आठ शेळ्या, आणि आठही जणींचा चेहरा बस चुकल्यासारखा.

"अगंबाई, शेळ्या खरंच झाडावर चढतात?" नवीन बाई विचारते.

"मग काय, मी चढते?" आत्या म्हणते.

लावायची रीतही ठरलेली आहे. तळहातावर चोळायचं, ऊब येऊ द्यायची, मग फक्त केसांच्या टोकांना लावायचं. मुळांना नाही. "मुळाशी तेल मुरलं की निघता निघत नाही," हे वाक्य आत्या दिवसातून दहा वेळा म्हणते. तळहातावर जे उरेल ते कोपरांना, टाचांना, नखांच्या कडांना. आणि त्यातूनही जे उरेल ते माझं. चोवीस वर्षं मी केस धुतेय, रंगवतेय. गरम पाणी आणि रंगांनी माझ्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. ग्राहकांच्या डोक्यावरून उरलेलं तेल रोज चोळून चोळून आज एकेचाळिसाव्या वर्षी माझे हात तिशीतल्यापेक्षा मऊ आहेत. हे मी जाहिरात म्हणून सांगत नाही. माझा स्वभाव जाहिरातीचा नाहीच मुळी, भांडणाचा आहे.

आणि अशाच एका भांडणात मला वादक सापडला.

तो गेल्या वर्षी पार्लरच्या वरच्या खोलीत भाड्याने आला. सकाळी आठ वाजले की व्हायोलिन सुरू. गाणं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण हे तेच सात सूर, जिना चढावा आणि उतरावा तसे, तासभर. आठ दिवस मी दात-ओठ खाल्ले. नवव्या दिवशी हातात कात्री होती तशीच तणतणत वर गेले आणि दार बडवलं. दार उघडलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कात्रीकडे, आणि एकदम खूश होऊन म्हणाला, "अरे वा, तुम्ही घरी येऊनही कापता? बरं झालं. मला दहाला शिकवणी आहे, तेवढ्यात होईल ना?"

मी तोंड उघडलं ते भांडायलाच. पण त्या माणसाच्या डोक्यावर केस कसले, काथ्याची गादी फाटावी तसा पसारा होता तो! इतके दाट केस आणि इतके हाल? माझ्यातली भांडकुदळ बाई गपकन बसली आणि कारागीर जागी झाली. "बसा स्टुलावर," मी म्हणाले. खाली आले तेव्हा आत्याने विचारलं, "झालं का भांडण?" मी म्हटलं, "अर्धंच झालं, उरलेलं बुधवारी."

तेव्हापासून दर बुधवारी सहा वाजता तो खाली येऊ लागला. त्याच्या केसांच्या टोकांना दोन थेंब लागत, आणि तेवढ्या वेळात मला त्याची सगळी माहिती मिळत गेली. वय चव्वेचाळीस. दिवसा मुलांच्या शिकवण्या, संध्याकाळी एका हॉटेलात वाजवायचं. "लोक सूप पितात आणि मी कोपऱ्यात वाजवतो," तो म्हणायचा. "एकदा एका गृहस्थांनी मला मीठ मागितलं." आयुष्यात त्याला एकच गोष्ट हवी होती, शहराच्या वाद्यवृंदात एक खुर्ची. मधली नको, पुढची नको, कुठलीही. ऑडिशन दोनदा देऊन दोन्ही वेळा पडला होता. पंचेचाळीसनंतर अर्जच घेत नाहीत. म्हणजे ही तिसरी वेळ शेवटची, गुरुवारी सकाळी अकराला.

आता खरं ते सांगून टाकते. मी त्याच्या प्रेमात पडले होते. हळूबिळू काही नाही, चांगली धपकन पडले होते. मी एकदा संसार करून पाहिला होता, तो नऊ महिन्यांत मोडला, आणि त्यानंतर असल्या भानगडींना मी दारातूनच परत पाठवत आले होते. पण बुधवार आला की माझे पाय जमिनीवर ठरेनात. मंगळवारीच मी उगाच आरसे पुसायला घ्यायची. एका बाईच्या केसांना तर मी गुणगुणत इतका वेळ कंडिशनर चोळला, की ती झोपून घोरायला लागली.

फक्त एक काटा होता. डोक्याचं आटोपलं की तळहातावर थोडं तेल उरायचं. मी म्हणायची, "हात द्या, बोटांना चोळते, कातडी बघा किती कोरडी झालीय." तो दोन्ही हात चटकन टॉवेलखाली घ्यायचा. "हातांना नको." दर बुधवारी तेच. हसून, पण ठाम. मी मनाला खूप समजावलं, पण ते लागायचंच.

आत्याचं निदान सोपं होतं. "डोकं देतो, हात देत नाही. असली माणसं भाड्यानेच राहतात, पोरी. कायमची नाही."

ऑडिशनच्या आदल्या दिवशी बुधवारच होता. वादक आला तो व्हायोलिनची पेटी घेऊनच. शिकवणीवरून परस्पर आला होता आणि साडेसातच्या आत शिंप्याकडून कोट आणायचा होता. केस झाले, तो उठला, पेटीकडे पाहून जरा घुटमळला.

"गजाचे केस थकलेत," तो म्हणाला. गज म्हणजे व्हायोलिनवर फिरवतात ती लांब काठी. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात, हे मला त्यानेच सांगितलं होतं. "बदलून घ्यायला हवे होते, पण राहिलंच. आता वेळ नाही. पेटी इथे ठेवू का तासभर? शिंप्याकडे गर्दी असते."

"खुशाल ठेवा," मी म्हणाले. "केसालाही धक्का लागणार नाही."

तो गेला. मी पेटीकडे पाहत राहिले. केस थकलेत, म्हणे. आणि बदलायला वेळ नाही. अहो, पण थकलेले केस बदलतं कोण? थकलेल्या केसांवर इलाज करतात! चोवीस वर्षं मी दुसरं केलंय काय? जगातल्या कुठल्याही बाईला ही सेवा मिळते आणि माझ्या माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी त्याच्या गजाला ती मिळू नये?

आत्या नेमकी त्या वेळी लांबवलेल्या खुर्चीत आडवी होती. बुधवारी सहानंतर ती स्वतःच्या चेहऱ्याला मुलतानी मातीचा लेप लावते आणि डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून अर्धा तास निपचित पडते. किल्ली गळ्यात. मी चवड्यांवर गेले, दोरी अलगद तिच्या डोक्यावरून काढली. आत्या नुसतं "हं" म्हणाली. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता आणि हसू तर इतकं येत होतं, की मी ओठ दातांत धरले.

पेटी उघडली. गज हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. कोंडा! सगळ्या केसांवर पांढरी भुकटी, बोट लावलं की झडत होती. एवढा कोंडा मी कुठल्या माणसाच्या डोक्यातही पाहिला नव्हता. आणि पेटीच्या कोपऱ्यात मखमलीच्या फडक्यात गुंडाळलेली एक पिवळसर पारदर्शक वडी. साबण! तोही कडक, बिनवासाचा, स्वस्तातला. म्हटलं, सापडला चोर. असल्या साबणाने केस धुतल्यावर दुसरं काय होणार? ती वडी उचलून मी आमच्या बेसिनपाशी ठेवून दिली, हात धुवायला.

मग मी मनापासून कामाला लागले. कोंड्याचा शाम्पू एकदा, मऊ शाम्पू एकदा. काठीला पाणी लागू दिलं नाही, इतपत अक्कल शाबूत होती. कोंडा मात्र चिकट, निघता निघेना. टॉवेलने टिपून, ड्रायरची गार हवा देऊन केस सुकवले आणि खण उघडला. एक थेंब, दोन थेंब. केसांनी ते कधी प्यायले कळलंच नाही. तिसरा थेंब टाकताना मी वळून आत्याकडे पाहिलं. चौथा टाकताना पाहिलं नाही. सहाव्यापाशी काय गंमत, तो हट्टी कोंडा आपोआप विरघळू लागला! मग मला चेवच आला. टोकापासून मुठीपर्यंत, अगदी केस जिथे लाकडात शिरतात तिथपर्यंत, विंचरून विंचरून तेल मुरवलं. अकराव्या थेंबाला गज असा झळकू लागला, की त्याचा फोटो काढून दारावर लावावासा वाटला.

किल्ली परत आत्याच्या गळ्यात गेली. साडेसातला वादक कोट घेऊन आला आणि पेटी उचलली.

"आता वर जाऊन वाजवणार?" मी अगदी साळसूदपणे विचारलं.

"नाही. आदल्या संध्याकाळी वाद्याला हात लावायचा नाही, असा माझा नियम आहे."

"सकाळी उघडाल तेव्हा बघा हं मग," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही. मी मात्र घरी जाताना अक्षरशः उड्या मारत गेले. एकेचाळीस वर्षांची बाई, भर रस्त्यात!

सकाळी आठला पार्लर उघडलं आणि मी छताखाली कान देऊन उभी राहिले. आता वरून आवाज येईल, एरवीपेक्षा मऊ, रेशमी. आत्या बेसिनपाशी हात धुत होती. वर पावलं वाजली, खुर्ची सरकली. मग काहीच नाही. मग नुसतं "सूंऽऽ", कुणी दाराच्या फटीतून फुंकर घालावी तसं. पुन्हा "सूंऽऽ". मग पुन्हा काहीच नाही.

"पोरी, हा कसला साबण आणलास?" आत्या कुरकुरली. "मघापासून चोळतेय. ना फेस, ना वास. उलट हात चिकट झाले."

तेवढ्यात जिना धडधडत वाजला आणि वादक दारात उभा राहिला. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातात गज, आणि चेहरा पांढराफटक.

"याला काय झालंय?" तो म्हणाला. व्हायोलिन खांद्यावर ठेवून त्याने गज या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. सूंऽऽ. एकही सूर नाही.

मी अजून हसतच होते. हसू उतरायलाही वेळ लागतो. "मी... केसांना जरा तेल लावलं."

"तेल."

"आर्गन. चांगलं असतं ते. बियांचं. ते शेळ्या..."

"किती?"

"अकरा थेंब."

"अकरा?" ही किंचाळी वादकाची नव्हती, आत्याची होती. तिचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. "अकरा? अगं, स्वतः त्या शेळ्यांनी कधी अकरा थेंब पाहिले नसतील!"

वादक ग्राहकांच्या खुर्चीत मटकन बसला. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं त्याने मला सांगितलं, की गजाचे केस मऊ असून चालत नाहीत. ते कोरडे लागतात आणि त्यावर राळेची भुकटी लागते, म्हणजे केस तारेला चिकटतो. केस तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, पुन्हा सोडतो, सेकंदात शेकडो वेळा, आणि त्या धरण्या-सोडण्याचाच आवाज होतो. तेल लागलं की केस धरतच नाही, नुसता घसरतो. "संपलं," तो म्हणाला. "गज दुरुस्त करणारा दुकान अकराला उघडतो. माझ्याकडे दुसरा गज आहे, पण तो एका आठ वर्षांच्या विद्यार्थिनीचा आहे. एवढासा."

मी काय करून बसले ते आता कुठे कळलं. त्याची एक खुर्ची, आयुष्यभर मागितलेली, ती मी माझ्या हाताने तेलात बुडवली होती. रडायला हवं होतं. पण माझा स्वभाव! घाबरले की मी ओरडते.

"मग तेल चालत नाही हे सांगायचं नाही का माणसाने?" मी ओरडले.

"सांगितलं की," तो म्हणाला. "दर बुधवारी सांगितलं. हातांना नको म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे बोटांना तेल लागलं की ते तारांना लागतं, तारांचं गजाला लागतं. म्हणून हातांना नको म्हणत होतो. नाहीतर काय, तुम्ही हात मागताय आणि मी देणार नाही?"

सांगायला लाज वाटते, पण सांगते : त्या भयंकर घटकेला, तो माणूस समोर बुडत असताना, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"एवढंच कारण?" मी म्हणाले.

"एवढंच म्हणजे? माझं ऑडिशन गेलं!"

"काही गेलंबिलं नाही," आत्या म्हणाली. तिने बाह्या वर केल्या होत्या. "तेल लावणारी माणसं आपण, पोरी. काढणारीही आपणच. किती वाजले? सव्वाआठ. वाजंत्री, उठा त्या खुर्चीतून. तिथे पेशंट बसेल."

आत्याने आधी दाराला "बंद" अशी पाटी लावली; तिच्या हयातीत पहिल्यांदा. मग गज टॉवेलवर आडवा ठेवला. केस रंगवताना वापरतो त्या चंदेरी फॉइलमध्ये मी काठी टोकापासून मुठीपर्यंत गुंडाळली, जोडांवर चिकटपट्ट्या लावल्या. वादकाने दोन्ही टोकं धरली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. कोरड्या शाम्पूची पावडर केसांत भरून दहा मिनिटं ठेवली, तिने तेल शोषलं. विंचरून झाडलं. मग रंगाच्या आधी मेण आणि तेल ओरबाडून काढणारा जो कडक शाम्पू असतो, ज्याला आम्ही एरवी हातही लावत नाही, तो तीनदा. मग स्पिरिट, कापसाच्या बोळ्याने, बट-बट वेगळी करून. दीडशे केस असतील. मी प्रत्येकाशी ओळख करून घेतली.

"दुखत नाही ना त्याला?" आत्याने वादकाला विचारलं. मला वाटतं ती गंभीरपणे विचारत होती.

गार हवेवर ड्रायर. साडेनऊला गज पुन्हा कोरडा, रुक्ष, निस्तेज झाला. माझ्या आयुष्यातलं सर्वांत वाईट काम, आणि मला त्याचा कोण अभिमान वाटला!

"आता राळ," वादक म्हणाला आणि पेटीत हात घातला. कोपरा चाचपला. फडकं झटकलं. "राळ कुठे गेली?"

"कशी असते ती?" आत्याने विचारलं.

"पिवळी वडी. साबणासारखी दिसते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. मग दोघींनी बेसिनकडे पाहिलं. तिथे ती वडी ओली होऊन साबणदाणीत ऐटीत बसली होती आणि आत्याचे हात अजून चिकट होते.

वादकाने वडीकडे पाहिलं, मग आत्याच्या हातांकडे. मग त्याच्या खांद्यांना कापरं भरलं. मला वाटलं आता हा रडतो. पण तो हसत होता! खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग मी, मग आत्या. तिघंही तो फॉइल गुंडाळलेला गज मधे ठेवून वेड्यासारखे हसत होतो आणि भिंतीवरून आठ शेळ्या बघत होत्या.

वडी पुसून, वाळवून त्याने ती केसांवर फिरवायला सुरुवात केली. शंभर वेळा, दोनशे वेळा. मग व्हायोलिन खांद्यावर घेतलं, गज टोकापाशी टेकवला आणि ओढला. सूर लागला! भरलेला, खणखणीत सूर, आमच्या त्या एवढ्याशा खोलीत. माझा जीव भांड्यात पडला. गज पुढे सरकत सरकत मुठीकडे आला, आणि सूंऽऽ.

पुन्हा ओढला. टोकाकडचा दोन तृतीयांश भाग गातोय, मुठीकडचा एक तृतीयांश मुका. केस लाकडात जिथे शिरतात तिथून तेल हळूहळू झिरपत होतं. तो जोड उघडणं आमच्या हातचं नव्हतं.

"मुळाशी!" आत्या कडाडली. "चोवीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय, टोकांना लाव, मुळांना नाही!"

वादकाने घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. "दोन तृतीयांश," तो म्हणाला. "सूप पिणाऱ्यांसमोर मी कोपऱ्यात अंग चोरून वाजवतोच की. तिथे पूर्ण हात कधी मोकळा होतो?" त्याने गाणाऱ्या भागाच्या मुठीकडच्या हद्दीवर माझ्याकडून एक पांढरा दोरा बांधून घेतला. इथून मागे यायचं नाही.

आम्ही दोघी त्याच्याबरोबर गेलो. नको म्हणायची त्याची छातीच झाली नसती. वाद्यवृंदाच्या इमारतीत लांब बोळ होता, बाकावर सहा-सात जण आपापल्या उघड्या पेट्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या सगळ्यांच्या गजांना कोंडा होता. आता मला तो सुंदर दिसू लागला होता. वादकाचं नाव पुकारलं, दार बंद झालं, मी त्याचा कोट छातीशी धरून बसले.

आतून आवाज येऊ लागला. आधी ती जिन्यासारखी सरगम, जिच्यावरून मी भांडायला गेले होते. मग जलद काहीतरी, मला त्यातलं कळत नाही, पण एकही सूं नव्हतं. मग संथ भाग आला. लांब लांब सूर, एकेक सूर गजाला पार मागे ओढून नेणारा. मी मनात दोरा धरून बसले होते. नको, मागे नको, मागे नको. एक सूर ताणत ताणत गेला आणि मधेच नाहीसा झाला. बोळ गप्प. आत्याने माझा हात इतक्या जोरात दाबला की हाड वाजलं. एक श्वास. दुसरा श्वास. आणि मग पुढचा सूर आला, इतका हलका, की शेजारच्या मुलीने मांडीवरची पेटी खाली ठेवली.

अर्ध्या तासाने तो बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना. आमच्यासमोर उभा राहिला, कोट घेतला, एक बाही घातली, दुसरी सापडेना.

"परीक्षकबाईंनी विचारलं," तो म्हणाला, "संथ भागातला तो विराम तुम्ही मुद्दाम घेतलात का."

"मग?"

"मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, दर वेळी घेत जा." दुसरी बाही सापडली. "दुसरी रांग. शेवटची खुर्ची. सोमवारपासून."

मी त्या बोळात काय केलं ते मी सांगणार नाही. आत्या सांगते सगळ्यांना, तिलाच विचारा.

गज दुरुस्तीला गेला, नवे केस बसले. मी त्यांच्याकडे दुरूनसुद्धा पाहत नाही. आणि मग काही आठवड्यांनी, वाद्यवृंदाला चार दिवसांची सुट्टी लागली तो बुधवार आला. वादक सहाला खाली आला. पेटी वर ठेवून आला होता. खुर्चीत बसला, पण डोकं मागे टेकलं नाही. टॉवेल मांडीवर पसरला आणि दोन्ही हात त्यावर पालथे नव्हे, उताणे ठेवले. डाव्या हाताच्या चारही बोटांच्या टोकांवर तारांनी पाडलेल्या खाचा होत्या, वर्षानुवर्षांच्या, घट्ट.

"आज हातांना लाव," तो म्हणाला.

आत्या मातीचा लेप लावून आडवी व्हायच्या बेतात होती. तिने आमच्या दोघांकडे पाहिलं, गळ्यातली किल्ली स्वतः काढली, माझ्या हातात ठेवली आणि डोळ्यांवर काकडी ठेवून पडली.

मी त्याचा हात हातात घेतला. पहिला थेंब त्या खाचांवर टाकला, चोळला. मग दुसरा. तिसरा. तेलाने आमचे चारही हात इतके निसरडे झाले, की कुठलं बोट कुणाचं ते कळेना, पण त्याने माझा हात धरला होता तो काही सुटला नाही.

"चार," काकडीखालून आत्या म्हणाली. "पाच... सहा..."

अकरापर्यंत ती मोजत राहिली. मग तिनेही सोडून दिलं.